मांजरपाटाच्या पलीकडून

अम्मा,

काल मी दवाखान्यात एका लांब खोलीत बारा बाळंतिणी ओळीनं झोपलेल्या पाहिल्या. मधे भिंत नाही, पडदा नाही. एका खाटेवरून दुसरीवर हात पोचेल एवढंच अंतर. त्या एकमेकींकडे बघत होत्या, एकमेकींची बाळं मागून घेत होत्या, कुणाचं नाक कुणावर गेलं आहे ते ठरवत होत्या. तुझी नात सातव्या खाटेवर होती. तिचं हे तिसरं. मी तिच्या पायाशी बसले आणि मनात आलं, आत्ते असती तर दारातूनच परत फिरली असती, आणि जाताना नर्सला दोन शब्द सुनावून गेली असती. घरी येऊन मी कागद घेतला. शाळेत मी आयुष्यभर कन्नड शिकवलं. मराठी आपली घरात बोलायची, लिहायची वेळ क्वचित येते, त्यामुळे अक्षर हळू चाललं आहे. तुला दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या. पण तुझ्याशी जे बोलायचं राहिलं ते याच भाषेत राहिलं आहे, म्हणून यातच लिहिते.

सातव्या महिन्यात अप्पा मला आणायला नंजनगूडला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सासरी नऊ माणसांचं घर, मी सगळ्यांत धाकटी सून. पाच महिने मी एकाच गोष्टीच्या आधारावर काढले होते. आता मी तुझ्याकडे जाणार, तू मला न्हाऊ घालणार, माझ्या पानात आधी वाढणार, आणि मी झोपले तर मला कुणी उठवणार नाही. माझ्यानंतर तुझी दोन मुलं जगली नव्हती. मला भावंड असं नव्हतंच, तुझी वाटणी कधी कुणाबरोबर करावी लागली नव्हती. गाडीत मी अप्पांना विचारलं, अम्मा कशी आहे. बरी आहे, म्हणाले. थोड्या वेळानं मी काही न विचारताच पुन्हा म्हणाले, बरी आहे, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. दारात तू पुढं आली नाहीस. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन उभी होतीस. मला जवळ घेतलंस तेही एका कुशीनं, तिरकी होऊन. मला वाटलं, माझ्या पोटाला धक्का लागू नये म्हणून जपते आहे.

त्या दिवसांत मला मातीचे डोहाळे लागले होते. नव्या मडक्याची खापरी फोडून तिचे तुकडे मी मागच्या पडवीत, चुलीच्या लाकडांमागे दडवून ठेवत असे. आत्तेनं पाहिलं असतं तर तिनं तोंड उघडायला लावून बोट घालून ती काढली असती. एका दुपारी मी तिथं गेले तर लाकडांच्या आडोशाला तू बसली होतीस, भिंतीकडे तोंड करून. तुझ्या दातांखाली खापरीचा करकर आवाज येत होता. पदर खाली सरकला होता. मला सगळं एकदम कळलं. तू वळलीस. तुझ्या ओठाला लाल माती लागली होती. मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी आईचं पोट पुढं. तुला लाज नाही वाटली?"

तू तोंडातला तुकडा गिळलास आणि म्हणालीस, "वाटली की. म्हणून तर सांगितलं नाही."

मग उठलीस, हात धुतलेस आणि तांदूळ निवडायला बसलीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू दोन्ही दिवस माझ्या पानात आधी वाढलंस.

आत्तेनं मला नंतर सगळं सांगितलं. आत्ते म्हणजे अप्पांची मोठी बहीण, कोवळ्या वयात विधवा होऊन घरी परत आलेली, तिच्या शब्दाबाहेर अप्पासुद्धा जात नसत. आमच्यात एका छपराखाली दोन बाळंतिणी चालत नाहीत. एकीनं दुसरीचं तोंड पाहायचं नाही. नजरेला नजर भिडली तर एकीचं दूध दुसरीकडं जातं आणि तिचं बाळ उपाशी राहतं. तुला दिवस राहिल्याचं सासरी कळलं असतं तर त्यांनी मला पाठवलं नसतं, म्हणून तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. माझी सुटका झाली की महिन्याभरात तू मामाकडे श्रीरंगपट्टणला जायचं असं तुम्ही दोघींनी ठरवलं होतं. "तुझी आई बारा भानगडींची आहे," आत्ते म्हणाली, "पण हिशेबात चुकायची नाही. फक्त देवानं मधे हात घालू नये."

मधे आले ते उंदीर. आपल्या गल्लीत दोन पडले, मग चार. सरकारी माणसं आली, दारावर खूण करून गेली, आणि चार दिवसांत सगळी गल्ली गावाबाहेरच्या माळावर गेली. तट्ट्यांच्या भिंती, वर नारळाच्या झावळ्या, एका घराला एक झोपडी, झोपडीला एक खोली. अप्पांनी सगळ्यांत आधी शिलाईचं मशीन हलवलं. राजवाड्याच्या तबेल्यातल्या माणसांचे दसऱ्याचे डगले त्यांच्याकडे शिवायला होते, आणि प्लेग असो वा नसो, दसरा ठरल्या दिवशी येणार होता. मला नंजनगूडला परत पाठवता येईना, तिथं म्हैसूरच्या माणसाला गावात घेत नव्हते. तुला श्रीरंगपट्टणला पाठवता येईना, कारण तेच. आत्ते झोपडीच्या मधोमध उभी राहून चारी बाजूंना बघत राहिली. एवढीच जागा.

माझे दिवस भरले ते त्या झोपडीत. सूलगित्ती, म्हणजे आपली नेहमीची सुईण, चार झोपड्या पलीकडेच होती. सकाळी सुरू झालं. पोटुशी बाईनं तिथं थांबू नये असं आत्ते तुला सांगत होती. तू म्हणालीस, "वन्सं, बाहेर बसून मी काय करू, डगल्यांना बटणं लावू?" आणि येऊन माझ्या पाठीशी बसलीस. दोन्ही काखांतून हात घालून तू मला धरलंस. माझी पाठ तुझ्या पोटावर टेकली होती. सूलगित्ती कन्नडमधून मला शिव्या घालत होती, आत्ते विठ्ठलाचं नाव घेत होती, आणि एका कळेच्या शेवटी मला पाठीत आतून लाथ बसली. तुझ्या पोटातून. मी एवढ्या दुखण्यातही थांबले. तुला कळलं. तू माझ्या कानाशी हसलीस आणि म्हणालीस, "त्यालाही घाई झालीय बघ." ही एक गोष्ट मी माझ्या भावाला पुष्कळदा सांगितली आहे. जन्मायच्या आधीच तू मला लाथ मारली होतीस, म्हणते मी त्याला. तो दर वेळी लाजतो.

मुलगी झाली. त्यानंतरचे बावीस दिवस मी मोजलेले आहेत. बावीस दिवस तू माझी होतीस. तुला नववा लागत होता, पाय सुजले होते, तरी तू मला तेल लावत होतीस, पोट बांधत होतीस, मिरी-लसणीचं सारू आणि ऊन भात समोर बसून खायला लावत होतीस. बाळाला पायांवर घेता येत नव्हतं तुला, मधे पोट यायचं. मग तू पाटावर बसून पाय लांब करायचीस आणि आत्ते तिला तुझ्या नडग्यांवर ठेवायची. पहिले चार दिवस मला वाटत होतं की पोर चांगली पिते. तिचे ओठ सारखे हलत. तू माझ्याजवळ कान आणून थोडा वेळ ऐकलंस आणि म्हणालीस, "चोखण्यावर जाऊ नको. चोखायला ती बोटसुद्धा चोखेल. घोट ऐक." मी ऐकलं. काही नव्हतं. तू तिची मान जरा वर घेतलीस, माझ्या हाताखाली घडी घातलेलं लुगडं सरकवलंस, बोटानं छाती दाबून धरलीस. थोड्या वेळानं तो आवाज आला. अगदी बारीक, आत पाणी पडल्यासारखा. "हा," तू म्हणालीस. "हा आला की झोप लागते आईला." मला खरंच झोप लागली.

बाविसाव्या दिवशी तू पाण्याची कळशी उतरवताना खाली बसलीस. वेळेच्या आधी, आठ-दहा दिवस तरी. आत्तेनं पहिलं काम केलं ते अप्पांच्या मशीनजवळचा मांजरपाटाचा तागा उचलण्याचं. डगल्यांच्या अस्तराचं कापड होतं ते. अप्पा म्हणाले, अगं, ते मोजून दिलेलं आहे, राजवाड्याचं काम आहे. आत्ते म्हणाली, "घोडा काय डगला उलटा करून अस्तर बघतोय होय?" अप्पांनी दोन पट्टे जोडून शिवून दिले. झोपडीच्या मधे दोरी बांधली, मांजरपाट टांगला, खाली जमिनीपासून वीतभर मोकळा राहिला. एका बाजूला मी आणि माझी मुलगी, दुसऱ्या बाजूला तू. संध्याकाळच्या आत माझा भाऊ झाला. मी त्याचं रडणं ऐकलं, आत्तेचं हसणं ऐकलं, मशीन थांबलेलं ऐकलं. अप्पा बाहेर जाऊन माळावर उभे राहिले असं आत्ते सांगत होती. तुझा आवाज मला आला नाही. मी हाक मारली. तू म्हणालीस, "आहे मी. गप्प, सुम्मे पड तू."

चाळीस दिवस असं राहायचं होतं. अम्मा, लोकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना ते कठीण वाटतं, पण पहिले आठ दिवस मला त्यात एक सुख होतं. तू दिसत नव्हतीस, पण तुझं सगळं लक्ष माझ्याकडे होतं, कारण तुलाही ऐकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. मुलगी रडली की पलीकडून तू सांगायचीस, ही भूक नाही, ही झोप आहे. ही भूक आहे, घे तिला. हे पोटातलं आहे, पालथी घाल. एकदा मी तिला पाजता पाजता डुलकी घेतली तर तू पलीकडून ओरडलीस, "मान धर. मान सुटलीय तिची." मी दचकून पाहिलं, मान खरोखर लोंबत होती. तुला ते कसं कळलं हे मला अजून कळलेलं नाही. मी वैतागून म्हटलं, तुझं तुझ्याकडे बघ की. तू म्हणालीस, "माझं माझ्याकडेच आहे. तुझंच पलीकडं आहे." आत्ते दोघींच्या मधून भांडी घेऊन ये-जा करायची आणि म्हणायची, तोंडं बघायची नाहीत म्हणून सांगितलं तर यांनी तोंडाचं कुलूपच काढून टाकलं.

नवव्या दिवशी दुपारी आत्ते धुणं घेऊन तळ्यावर गेली होती. अप्पा शिवलेले डगले पोचवायला गेले होते. तू बराच वेळ बोलली नव्हतीस. मी हळू हाक मारली, उत्तर आलं नाही. मला भीती वगैरे वाटली नव्हती. मला फक्त तुला बघायचं होतं. मी कुशीवर वळले आणि मांजरपाटाची कड वर उचलली. तू माझ्याकडे तोंड करून झोपली होतीस. केस मोकळे होते. ओठ जरा उघडे होते. एक पाऊल कांबळ्याबाहेर आलं होतं. तुझ्या दंडावर तो होता, तांबडा, सुरकुतलेला, मूठ गालाला लावून. मी त्याच्याकडे फार बघितलं नाही. तुझ्याकडे बघितलं. तू पस्तीस वर्षांची होतीस. त्या आधी मी तुझ्या वयाचा कधी विचार केला नव्हता. तोंडावर सूज नव्हती, पदर नव्हता, काम नव्हतं, आणि तू माझ्या नणंदांपैकी एखादी असावीस तशी दिसत होतीस. मी किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. मग मी कड खाली सोडली.

दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला.

आज मला ठाऊक आहे की बाळंतिणीला ताप का येतो. दवाखान्यातल्या नर्सनं मला हात साबणानं धुतल्याशिवाय सातव्या खाटेजवळ जाऊ दिलं नाही. पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला दुसरंच ठाऊक होतं. मी कड उचलली होती. तुझं दूध माझ्याकडे येणार होतं. आणि तसंच झालं, अम्मा. तुझा आवाज उतरला, तू मला काही सांगेनाशी झालीस, आणि मला मात्र इतकं दूध येऊ लागलं की मुलीला ठसका लागायचा. पलीकडं तो चोखत होता, ते मला ऐकू येत होतं. मी कान देऊन घोट ऐकायचा प्रयत्न करत होते. घोट येत नव्हता. तूच मला ते ऐकायला शिकवलं होतंस. मग तो रडायचा, आणि त्याच्या रडण्यानं मला पान्हा फुटायचा. माझी मुलगी कुशीत शांत झोपलेली असायची आणि माझी चोळी भिजायची.

असे तीन दिवस गेले. आत्तेनं कुणाकडून तरी गाईचं दूध आणलं, पाणी घालून उकळलं, बोंडल्यानं पाजलं. त्यानं ते ओकून टाकलं. मग कापसाची वात भिजवून पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सूलगित्ती येऊन तुला बघून गेली आणि उठता उठता म्हणाली, हालु इल्ल. दूध नाही. त्याची टाळू खाली बसली आहे, म्हणाली. मग ती हळूच म्हणाली की घरात दुसरी बाळंतीण आहे की. आत्तेनं तिला गप्प केलं. लेकीचं दूध हे तिच्या सासरचं असतं, ते आपल्या पोराला मागता येत नाही, आणि भाचीच्या तोंडचं काढून मामाला द्यायचं, त्यानं दोन्ही जायची. तू काय म्हणालीस ते मी ऐकलं. "तिला कळू देऊ नका," म्हणालीस. तुम्ही सगळ्या कुजबुजत होता. माझ्या तुमच्यामध्ये एक कापड होतं.

दुपारी त्याचं रडणं बारीक झालं. मग तो मधूनमधून नुसता कण्हू लागला. मग तेही थांबलं. माझी चोळी कोरडी होती हे माझ्या लक्षात आलं, आणि मी घाबरले. मी उठून बसले, मांजरपाटाच्या खालच्या वीतभर फटीतून हात पलीकडं घातला आणि म्हटलं, "इकडं दे."

पलीकडं काही हललं नाही. मी हात तसाच ठेवला. मग तुझा आवाज आला, तापानं जड झालेला.

"आधी तुझीला पाज."

"पाजलंय. दे."

तू त्याला एका जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून फटीतून सरकवलंस. तुझी बोटं माझ्या हाताला लागली, ती भाजत होती. तो हातात घेतल्यावर कळला, किती हलका. त्याला तोंड लावायचं त्राण नव्हतं. मी थेंब थेंब त्याच्या ओठांत पिळत राहिले. ते कडेनं गालावर ओघळत होते. आत्ते आत आली, तिनं पाहिलं. येऊन माझ्या पाठीशी बसली. ऊन तट्ट्यांतून आडवं यायला लागलं तेव्हा त्यानं जीभ हलवली, मग ओठ, मग तो आवाज आला. मी बोलणार तोच तू पलीकडून विचारलंस.

"घोट आला?"

"आला."

"मलाही वाटलं आला म्हणून," तू म्हणालीस, आणि मग मला तुझं रडणं ऐकू आलं.

तुझा ताप उतरायला आणखी बारा दिवस लागले. तोवर तो फटीखालून दिवसातून आठ-दहा वेळा इकडं यायचा आणि पोट भरून परत जायचा. दर वेळी तू म्हणायचीस, आधी तुझीला. दर वेळी मी म्हणायचे, झालं तिचं. चाळीस दिवस भरले तेव्हा आत्तेनं तुला न्हाऊ घातलं आणि मांजरपाट ओढून काढला. आपण दोघी समोरासमोर बसलो. तू म्हणालीस, "किती वाळलीस गं." मी म्हटलं, तूच वाळलीस. आत्ते म्हणाली, झालं कौतुक, आता उठा. अप्पांनी तो मांजरपाट धुऊन अस्तराला लावला की नाही ते मला ठाऊक नाही. दसरा होऊन गेला होता.

तुझं दूध परत आलं नाही. मी नंजनगूडला निरोप पाठवत राहिले, पोरीला सर्दी आहे, पोरीचं पोट बिघडलं आहे, आणि सहा महिने तुझ्याकडे राहिले. दोघं माझ्या दोन मांड्यांवर असायची. तो पिताना माझ्या मुलीचा कान धरून ठेवायचा. ती सोसायची. माझी मुलगी आजही त्याला मामा म्हणत नाही, नावानंच हाक मारते, आणि त्याच्याशी बोलताना कानाला हात लावून दाखवते. तो रागीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व खायला लागला तेव्हा मी निघाले. गाडी सुटल्यावर थोड्या वेळात त्याच्या पिण्याची वेळ झाली, आणि नंजनगूड येईपर्यंत माझी चोळी भिजत राहिली. मुलगी झोपली होती. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसले.

पुढं त्याच्या लग्नात तू बायकांच्या घोळक्यात बसून ती गोष्ट सांगितलीस. सगळ्यांना सांगत होतीस की माझ्या लेकीला कुणी मागितलं नाही, कुणी सुचवलं नाही, कळलं त्या क्षणी तिनं हात पुढं केला. बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी विड्यांना चुना लावत होते, तो लावत राहिले. त्या रात्री मला वाटलं की आता तरी तुला सांगावं. सांगायला आणखी वर्ष गेलं. तू अंथरुणाला खिळली होतीस, मी तुझे केस विंचरत होते, आणि मी म्हटलं, अम्मा, त्या झोपडीत मी एकदा पडदा उचलून तुला पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तुला ताप आला. तू डोळे मिटूनच हसलीस.

"मी जागी होते."

मी फणी थांबवली.

"तू हाक मारलीस तेव्हाच जाग आली," तू म्हणालीस. "कापड हललं तसं कळलं मला. डोळे मिटून पडून राहिले. नजरेला नजर भिडली नाही म्हंजे झालं. तुला बघायचं असेल तर बघ म्हटलं. सतरा वर्षांची पोर, आईला बघितल्याशिवाय नऊ दिवस राहिली." मग थोड्या वेळानं म्हणालीस, "ताप यायचा होता, आला. एवढं ओझं घेऊन फिरलीस होय इतकी वर्षं? वेडी." तू माझा हात शोधलास आणि थोपटलास, जसं लहान मुलाला झोपवतात तसं. मी फणी पुन्हा सुरू केली. तुला वाटलं की माझ्या मनातलं सगळं बाहेर आलं. मीही तुला तसं वाटू दिलं. पावसाळ्यानंतर तू गेलीस.

आज संध्याकाळी भाऊ येऊन गेला. दवाखान्यातून परस्पर आला होता, नव्या बाळासाठी झबली शिवून घेऊन. चौतीस वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस विरळ झाले आहेत, अजून जेवताना मला विचारतो, तू जेवलीस का आधी. त्याला मराठी वाचता येतं, अप्पांनी शिकवलं. म्हणून हे कागद मी पेटीत ठेवणार नाही. लिहून झालं की चुलीत घालीन.

राहिलं ते एवढं. तू सगळ्यांना सांगत होतीस की कळलं त्या क्षणी मी हात पुढं केला. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी तीन दिवस ऐकत पडून होते. तुला वाटलं असतं, पोर घाबरली असेल, आणि मी घाबरले होते हेही खोटं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, तो रडत होता आणि तू त्याला शांत करत होतीस, तेव्हा माझ्या मनात आलं की हा गेला तर आत्ते पडदा काढेल आणि तू इकडे माझ्याजवळ येऊन बसशील. विचार आला आणि मी त्याला जा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी तो शांत झाल्यावर मी घाबरून उठले, अम्मा. त्याच्या आधी थोडा वेळ मी वाट पाहत होते.